दुपारचं दळण

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. युसूफ वडगावात संगमेश्वर अप्पांच्या ओसरीला लागून माझी खोली आहे. अठ्ठावीस वर्षं मी या गावाला भाकरी खाऊ घातली. हे सांगताना मला कणभरही संकोच वाटत नाही.

माझं दुखणं एकच, ते म्हणजे संध्याकाळ. रानातून परतलेल्या बायका तेव्हाच डबे घेऊन यायच्या आणि घराघरांत दिवे, पंखे, टीव्हीही तेव्हाच लागायचे. मी सुरू झाले की सगळ्या गल्लीचे दिवे मिणमिणायचे. वर्षभरात गल्लीला वीज देणारा डीपी दोनदा जळाला. आठ-आठ दिवस अंधार! खापर माझ्याच माथी फुटलं. शेजारचा मुंजाजी तर म्हणाला, “अप्पा, ही बला द्या भंगारात!”

तेवढ्यात स्वप्ना आली. विजेवर संशोधन करणारी ही मुलगी हातात मीटर घेऊन गावभर फिरत होती. दुपारी माळावरच्या सोलरच्या पाट्या भरपूर वीज करतात, पण तेव्हा गावात ती घ्यायला कुणी नसतं, हे तिनं ताडलं. जी कामं मागंपुढं सरकवता येतात ती गावातच दुपारी उरकली तर? हे तपासायला तिनं मलाच निवडलं... अख्ख्या गावातून मला! माझा ऊर भरून आला.

गावच्या बैठकीत ठरलं, की आठ दिवस दुपारीच दळायचं. संध्याकाळी दिवे मिणमिणले नाहीत तर गिरणी राहील, नाहीतर भंगारात जाईल.

सात दिवस छान गेले. बायका रानात जाताना डबे ठेवून जात. आठवा दिवस नेमका महाशिवरात्रीच्या आधीचा. डबे चाळीस झाले. स्वप्नाच्या संगणकानं यादी काढली, त्यात ज्वारीची मोठी पोती आधी आणि भगरीचे लहान डबे शेवटी होते. पहिलं पोतं दळून होतंय तोच अप्पांच्या बायको शिवम्मा अक्का आल्या आणि दारातच थबकल्या.

“ज्वारी दळल्या दगडावर भगर? पोरी, उपास मोडंल की समद्यांचा!”

डबे ठेवायला आलेल्या बायकांनी भगरीचे डबे उचलले. “सांजच्याला दगड साफ करून दळा,” म्हणाल्या. संध्याकाळी सुरू झाले असते तर माझं भंगार ठरलेलंच होतं.

“अक्का, आधी का नाही सांगितलं?” स्वप्ना रडकुंडीला आली.

“तू इचारलं कुठं? डबे मोजले, डब्यात काय हाय ते इचारलंच न्हाई.”

स्वप्नानं भिंतीवर उतरवलेली यादी पुसली आणि खडू अक्कांच्या हातात दिला. अप्पांनी मला थांबवून दगड उघडले, ब्रशनं कण न् कण काढला. अक्कांनी भिंतीवर नवा क्रम लिहिला. भगर पहिली, मग गहू, मग ज्वारी, डाळी शेवटी. बायका परत आल्या. ऊन कलायच्या आत चाळीसही डबे भरले. इतकी तर मी तरुणपणीही राबले नव्हते!

संध्याकाळी मी गप्प उभी होते आणि दिवे लख्ख होते. मुंजाजी दारात येऊन खांद्यावरचा टॉवेल चाळवत म्हणाला, “अप्पा, परवा दुपारी माझा पयला नंबर लावा. लई गर्दी असती म्हणं.”

स्वप्नानं तिच्या अहवालात अक्कांचा तो क्रम नावासकट उतरवून घेतला. खडूचा मूळ क्रम अजून माझ्या भिंतीवर आहे. कुणी पुसू लागलं तर अप्पा ओरडतात.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादं जुनं यंत्र वीज खातं म्हणून शिव्या खात असेल. त्याला भंगारात काढण्याआधी त्याचं काम उन्हाच्या वेळी होईल का ते बघा. आणि ते ठरवताना डबा घेऊन येणाऱ्या बाईला आधी विचारा.