भाऊ शहराबाहेर का गेला

"घरातलं घरातच ठेवायचं, पोरी." लहानपणी वेणी घालताना आई हळू आवाजात सांगायची. वेणी घट्ट बसायची. शब्द त्याहून घट्ट बसले.

आता तीच लेक आईला घेऊन वकीलबाईंच्या टेबलासमोर बसली होती. धाकटा भाऊ तुरुंगात होता. भिंती रंगवून पोट भरणारा पोर. कामावरच्या भांडणात त्यानं एकाचं डोकं फोडलं, गुन्हा शाबीत झाला. पण पहिलीच चूक म्हणून कोर्टानं चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. अट एवढीच, की परवानगीवाचून शहर सोडायचं नाही. त्यानं सोडलं. कोर्टानं कारण विचारलं, तर म्हणाला, असंच, फिरायला. सवलत गेली, दीड वर्षाची शिक्षा लागली.

अपिलाची मुदत उद्या संपत होती. तो गेला कशाला, वकीलबाईंनी पुन्हा विचारलं. आईचं उत्तर तेच: पोरगं उनाड, लागला त्याला मोटारसायकलचा वारा.

"मावशी, या वाऱ्यावर माझं अपील पाचोळ्यासारखं उडून जाईल हो."

बोलता बोलता त्यांची नजर लेकीच्या मनगटावर गेली. प्लास्टर नुकतंच निघालेलं, कातडी फिकी पडलेली. लेकीनं हात टेबलाखाली घेतला.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "न्यायाधीश काही मनकवडे नाहीत. खरं कळल्यावर शिक्षा कमी करतीलच, असा शब्द मी देत नाही. पण ज्यानं हात उगारला तो घरी निवांत जेवतोय, आणि जो हात द्यायला धावला तो गजाआड. हे पटतं तुम्हाला?"

जावयाचं नाव कोर्टात गेलं तर लोक काय म्हणतील, आई पुटपुटली. म्हणून तर दोन्ही लेकरांना तिनं शपथ घातली होती. टेबलाखालचा तो हात तिनं ओढून आपल्या मांडीवर घेतला, फिक्या कातडीवरून बोटं फिरवली.

"सोडवलं तुम्हाला माझ्या शपथेतून," ती म्हणाली. "सांग बाई."

वाचकहो, असं मुकं राहिलेलं घर आपल्याही गल्लीत असेल, कदाचित आपलंच असेल. कुणाला तरी कोठडीत बसवून जी अब्रू वाचते, तिची आपणच लाज धरायला हवी!

लेकीनं मान वर केली.

"नवऱ्यानं माझा हात मोडला आणि बाहेरून कुलूप लावून गेला. मी भावाला फोन केला. त्याला शहर सोडायची बंदी आहे, हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, ये. तो आला."