कमळच्या तोंडाचं पथ्य

“गूळ बंद, शेंगदाणे बंद, तळकट बंद. तोंडावरची मुरमं आपोआप बसतील,” असं पौडच्या वैद्यबुवांनी सांगितलं होतं. त्यांचा तो जड आवाज रंभाबाईच्या कानातून जात नव्हता. पथ्य कुणी पाळायचं, हे मात्र बुवांनी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. कमळ अंगावर पीत होती तेव्हा तिचं पोट बिघडलं, छाती भरली, की पथ्य रंभाबाईच पाळायची आणि पोर बरी व्हायची. लेकराचं पथ्य आईनं पाळायचं, त्यात विचारायचं काय?

घरी येऊन तिनं देवापुढं निरांजन लावलं, तळहातावरून पाणी सोडलं आणि गूळ, शेंगदाणे, तळकट सगळं वर्ज्य केलं. कमळला बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन जायचे ते जायचेच. पोरीच्या लग्नासाठी एवढं काय जड होतं?

पण अन्न वाया घालवणं तिच्या जिवाला लागायचं. म्हणून तिच्या वाटणीचा गूळ कमळच्या ताटात जाऊ लागला. शेंगदाण्याची चटणी, भजी, कुरडया, सगळं तिकडंच.

“खा बाई,” ती हळूच म्हणायची, “तुझ्यापायीच सोडलंय.”

कमळ आईचा शब्द मोडणारी नव्हती. ती खायची.

मुरमं कपाळावरून गालावर आली, गालावरून हनुवटीवर. नथू, कमळचा बाप, एकदा जेवताना म्हणाला, “तुजंच कायतरी चुकत आसंल. चोरून खात न्हाईस न्हवं?”

“देवाशप्पत न्हाई.”

“मग मनात येत आसंल.”

मनात येत होतं, हे खरं. त्यावर रंभाबाईनं गुळाकडं बघणंही सोडलं. ढेप फोडताना ती तोंड फिरवायची, आणि न बघता फोडल्यामुळं कमळच्या वाट्याला खडा मोठाच यायचा.

शेवटी ती पोरीला घेऊन पुन्हा पौडला गेली. बुवांची नजर आता अधू झाली होती. दोघी समोर बसल्या.

“पथ्य पाळलं?”

“कणभर चुकलं न्हाई, बुवा.”

आवाज आला त्या तोंडाकडं बुवांनी निरखून पाहिलं. रंभाबाईचा चेहरा खरोखरच घासलेल्या तांब्यासारखा लखलखत होता.

“झकास गुण आलाय,” बुवा म्हणाले. “असंच चालू ठेवा.”

तिनं चालू ठेवलं.

पुढं उरवड्याची सारजाबाई आपल्या चिंधूला घेऊन कमळला बघायला आली. चिंधू पडवीतून आत आला आणि नथूचा जीव भांड्यात पडला. पोराचं तोंड कमळच्या वरताण होतं. पुरणपोळीचं ताट समोर येताच सारजाबाईनं ते हातानं बाजूला सारलं.

“मला गूळ चालत न्हाई. पोराच्या तोंडासाठी सोडलाय.”

रंभाबाईनं तिच्याकडं पाहिलं. लोण्यासारखं नितळ तोंड. दोघींनी एकमेकींचे हात धरले. तोवर कमळ आणि चिंधूनं दोन्ही आयांच्या पोळ्या संपवल्या होत्या.

सुपारी फुटणार, एवढ्यात सारजाबाई म्हणाली, “पर इहीणबाई, लगीन झाल्यावं हिच्या तोंडाचं पथ्य कुणी पाळायचं?”

“पोर तुमची, तवा पथ्यबी तुमचंच,” नथू म्हणाला.

“आवं, माजं पोराचं चालू हाय की.”

“मग त्याच गुळात दोगांचं भागंल.”

“आसं कुटं आसतंय व्हय? येका पथ्यात दोन तोंडं बसत न्हाईत. हिच्यापायी मला आजून कायतरी सोडावं लागंल. ऱ्हायलं काय, मीठ?” सारजाबाईनं पदर सावरला. “चल रं चिंधू.”

चिंधू उठला, पण त्याची मान कमळकडं वळलेली राहिली. कमळनं डोळे वर करून त्याच्याकडं बघितलं. इतक्या पाहुण्यांत असं तिनं कुणाकडं बघितलं नव्हतं. ते रंभाबाईनं पाहिलं.

“बसा, सारजाबाई,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, देवाशी बोलावा तसा. “कमळचं पथ्य जल्मभर माज्याकडं. आन जावयापायी मी तिखट सोडते. म्हंजी तुमालाबी आधार.”

नथू बघतच राहिला. मिरचीच्या ठेच्याशिवाय या बाईच्या घशाखाली भाकरी उतरत नसे.

सारजाबाई बसली. व्यवहाराला पक्की बाई. “आन तुमच्या वाटणीचं तिखट?”

“त्ये जावयाला पोचतं करीन.”

“शबूद?”

“शबूद.”

सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाबाईनं आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, पाट्यावर लसूण-मिरच्या वाटल्या. बोट चाटलं नाही. ठेच्याचा गोळा पळसाच्या पानात बांधला, पदराखाली धरला आणि कुणाला न उठवता उरवड्याच्या वाटेला लागली.