चूलबंद आवतन

गुड्डी झोपली की रिताचं ऑफिस उघडायचं. ऑफिस म्हणजे मधल्या खोलीतला पलंग, जुना लॅपटॉप आणि पाळण्याची दोरी. दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, म्हणजे हात मोकळे. हायवेवरून ट्रक गेला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, पण लाखनीत जन्मलेल्या गुड्डीला त्याचं काही नव्हतं. ती जागी व्हायची ती आईनं लॅपटॉप हळूच मिटला की.

काम सांगायला सोपं होतं. नागपूरच्या एका लहानशा कंपनीनं तान्ह्या बाळांच्या आयांसाठी मोबाइलवर एक जागा तयार केली होती, ‘ओसरी’ नावाची. मांडीवर लेकरू असलेल्या बायांनी तिथं यावं, टेकावं, घरात बोलता येत नाही ते बोलावं. सगळ्यांसाठी दार अजून उघडलं नव्हतं. आधी जिल्ह्यातल्या मोजक्या आयांना बोलावून सगळं नीट चालतं का ते पाहणं सुरू होतं. प्रत्येकीला आमंत्रणाचा एक नंबर दिलेला. तो टाकला की आत. आणि आत कोण आलं, कोणी कोणाला टोचून तर बोललं नाही, हे बघायला रिता.

त्या दुपारी मनिषचा फोन आला. ओसरीचा सगळा कारभार नागपुरात बसून तोच पाहायचा.

“रिताताई, हे काय होऊन राहिलं? बोलावल्या किती अन् आल्या किती! एकेका नंबरवर तीन-तीन खाती. एकीनं वय बासष्ट लिहिलंय. बासष्टव्या वर्षी तान्हं लेकरू?”

“पाहते मी.”

“पाहू नका, बंद करून टाका. जास्तीची सगळी. उद्या सकाळी मोठे साहेब बघणार आहेत.”

रितानं एकेक खातं उघडून पाहिलं. चोरचिलटं कोणी नव्हती. साकोलीच्या एका आईच्या नंबरवर तिची जाऊ होती, जावेची बहीण होती. एकीनं स्वतःच्या जागी शेळीचा फोटो लावला होता. कोणी काही लिहिलेलं नव्हतं. नुसत्या येऊन बसल्या होत्या, कार्यक्रमाला आल्यासारख्या. रिताला हसू आलं. मग तिनं ममताचा नंबर उघडला आणि हसू जागच्या जागी थांबलं.

नाकाडोंगरीच्या ममताच्या नंबरवर दोन खाती होती. एक तिचं. दुसरं ‘नाकाडोंगरीवाली’, फोटोत तुळस. वय बासष्ट.

सकाळीच ममतानं फोन करून विचारलं होतं, “ताई, खरं सांगा, तिथं कोणाची सासू तं नाही ना?” आणि रितानं गुड्डीला भरवता भरवता सांगून टाकलं होतं, “नाही वं. फक्त आया आहेत. लिही तू बिनधास्त.”

ममतानं लिहिलं. नाव झाकून लिहायची सोय होती, ते झाकून. ‘मले दूध पुरत नाही. डॉक्टरनं वरचं दूध सांगितलं. डबा मी धानाच्या ढोलीमागं लपवते. घरी म्हणतात, आमच्या घरच्या बाईले दूध कमी पडलं असं कधी झालंच नाही. पोरगं बाळसं धरून राहिलं, सगळे माझं कवतिक करतात, अन् मले रोज चोरी केल्यासारखं वाटते.’

रितानं आधी ते लिहिलेलं सगळ्यांच्या नजरेआड केलं. मग बोट ‘बंद करा’वर नेलं आणि तसंच ठेवलं. ते दाबलं की समोरच्या बाईच्या मोबाइलवर ठळक अक्षरं उमटायची: तुम्हाला येथे प्रवेश नाही. सासू ती अक्षरं घेऊन सुनेपुढं उभी राहणार. मले हाकललं, तुले ठेवलं, मंग तिथं असं आहे तरी का? ममता काय उत्तर देणार होती? ठेवलं तरी पंचाईत, काढलं तरी पंचाईत. आणि सकाळी दिलेला शब्द रिताचा होता.

अंगठ्यातली दोरी थांबली तशी गुड्डी कुरकुरली. अंगणात लाखोळीची कोवळी भाजी निवडत बसलेल्या सासूबाई, सुशीलाबाई, पदराला हात पुसत आत आल्या. नातीला उचलून म्हणाल्या, “काहून व? चेहरा काहून असा उतरला?”

रितानं ममताचं नाव न घेता बाकीचं सांगितलं. एकीला बोलावलं तर तीन आल्या.

“आवतन कसं धाडलं होतं तू?”

रितानं स्वतःच लिहिलेली ओळ वाचून दाखवली. आपल्या बोलीत लिहिली म्हणून तेव्हा तिला फार आवडली होती. ‘ओसरीचं आवतन तुमच्या घरी. या, बसा, बोला.’

सुशीलाबाई इतक्या हसल्या की गुड्डीही रडायची थांबली. “बाप्पा! घरी म्हणून बसली ना तू! लग्नाचं आवतन देतो तवा का म्हणतो आपण? घरपिच्छे एक म्हटलं तं घरातून एकच जण जेवाले जाते. नुसतं घरी म्हटलं म्हणजे ते चूलबंद. लेकराबाळासकट साऱ्याईनं या, आज चूल पेटवू नका. आल्या बिचाऱ्या. त्याईची का चूक?”

“मंग आता का करू, आई? उठवू त्याईले?”

“पंगतीतून माणूस उठवते का कोणी? जलमभर नावं ठेवतीन तुले.” त्यांनी गुड्डीला खांद्यावर टाकलं. “जागा कमी पडली तं आंगणात दुसरी पंगत मांडतेत. अन् म्हणतेत, आधी लेकुरवाळ्या बसू द्या. कोणाले राग येत नाही मंग.”

रितानं मनिषला फोन लावला.

“दुसरी जागा उघडायची आहे. ‘अंगण’ नावाची. घरच्या बाकी बायांसाठी. तिथून ओसरीतलं काही दिसलं नाही पाहिजे.”

“ताई, आपण चाचणी करून राहिलो का लग्न लावून राहिलो?”

“मनिषभाऊ, उठवलेली बाई पुन्हा दारात येत नाही. अन् ती आपल्या सुनेलेही येऊ देत नाही. मंग ओसरीत तुमी अन् मीच बसू.”

पलीकडं बराच वेळ कीबोर्ड वाजत राहिला. “करतो. पण उद्या साहेबांना तुम्ही सांगा.”

रितानं लिहिलं: ‘ओसरी लहान पडली. आधी लेकुरवाळ्यांची पंगत बसू द्या. सासवा, जावा, नणंदा, शेजारणी, तुमचं पान अंगणात वाढलं आहे. चूक आवतन देणारीची आहे, तुमची नाही.’

बाया उठल्या. कुरकुर न करता, एकीमागून एक. शेळीवालीनं अंगणात जाताच विचारलंसुद्धा, ‘इथं भाजीले पोपटाच्या शेंगा कोणाकडं निंगाल्या?’ ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत ओसरीत आयाच उरल्या. आया, आणि ती तुळस.

तुळस हलेना. रिता बघत राहिली. आणि मग तिच्याचकडून रिताला आवाजातला निरोप आला. मागं कोंबड्या ओरडत होत्या.

“मी गोदावरीबाई, नाकाडोंगरीहून. निंगतेच आता, बाई. सूनबाईनं नंबर टाकून देल्ला होता, म्या कधी काही बोलली नाही, तिले वाटलं माह्या मोबाइलवर चाललंच नाही. पण आज सकाळी एक वाचलं म्या. नाव नव्हतं. पण ढोलीमागची जागा मले ठाऊक आहे. माह्यं लेकरू पेत होतं तवा मले लय भूक लागे. सासूच्या नजरेआड म्या तिथंच गुळाचा खडा ठेवत जाओ.” मधेच तिनं एक कोंबडी हुसकली. “आमच्या घरी कमी पडलं नाही, असं म्याच म्हणत राहिली ना तिच्या तोंडावर. तुमी तिले सांगू नका का म्या वाचलं. तोंड लपवन पोट्टी. तिले बोलू द्या तिथं.”

निरोप संपला आणि तुळस ओसरीतून गेली.

रितानं तो दोनदा ऐकला. मग जे झालं ते ओसरीत मांडलं, कोणाचं नाव न घेता: ‘आजपर्यंत घरच्या काही बायाही इथं येऊन बसल्या होत्या. मी पाहिलं नव्हतं. आता इथं फक्त आपण आहोत. ज्यांना आपलं लिहिलेलं काढायचं असेल त्यांनी मला सांगा.’

ममताचा फोन लगेच आला. “ताई, माह्या सासूनं वाचलं का?”

खोटं एकदा बोलून झालं होतं, नकळत का होईना. रितानं झोपलेल्या गुड्डीकडं पाहिलं. “त्या इथं होत्या, ममता. मी तुले नाही म्हटलं, ते माझं चुकलं. आता नाहीत. बाकी मले सांगता येत नाही. कोणाचंच इथलं मी दुसऱ्याले सांगत नाही, तुझंही नाही.”

पलीकडं लेकराचा चपचप आवाज येत होता. “मंग माह्यं लिहिलेलं राहू द्या झाकूनच,” ममता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

साहेबांनी अंगण ठेवलं. मनिषनं ते जणू आपल्यालाच सुचल्यासारखं कळवलं. रिताचं लक्ष मात्र ममताच्या नावावर. ते रोज ओसरीत दिसायचं, पण त्यापुढं लिहिलेलं एक अक्षर नाही. आपण सांगायला हवं होतं का, की नको तेवढं सांगितलं, हे तिला भाजी फोडणीला टाकतानाही कळत नव्हतं.

तुमसरच्या बाजाराचा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी गुड्डी झोपली, दोरी अंगठ्यात अडकली, आणि ओसरीत ममता लिहून गेली होती. या वेळी नाव न झाकता.

‘काल सासूबाई बाजारातून आल्या. पिशवीत दुधाच्या पावडरचा डबा. म्हणतात, चहाले कामी पडन. डब्यावर लेकराचं चित्र आहे. चुलीजवळच्या फळीवर ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याले दिसन असा.’

रितानं ते वाचलं, पदरानं डोळे पुसले आणि अंगठ्यातल्या दोरीनं पाळणा हलवत लिहिलं, ‘मंग, चहा कसा झाला?’

उत्तर यायला वेळ लागला. बहुतेक लेकरू मांडीवर असावं.

‘आमच्या घरी सारे कोराच चहा पेतात, ताई.’