करकोच्यांच्या बेटावर गेलेले खोगीर

मित्रांनो, घोड्याच्या पाठीवर माणसाला नीट बसता यावे म्हणून जे बांधतात, ते खोगीर मी. आता माझे वय झाले आहे. माझे चामडे जागोजागी काळे पडले आहे आणि डाव्या अंगावर बाभळीच्या काट्यांनी ओरबाडल्याच्या खुणा आहेत. त्या कशा पडल्या, तेच आज तुम्हाला सांगतो.

केजच्या बाजारात एका कारागिराने मला घडवले. आत लाकडाचा सांगाडा, त्यावर लोकरीची गादी आणि वर जाड चामडे. मला घोड्याच्या पोटाखालून आवळून धरणारा एक पट्टा असतो. त्याला तंग म्हणतात. मला विकत घेतले गहिनीनाथने. तो मेंढपाळ. धरणाच्या फुगवट्याकाठी त्याचे घर, बायको बायडाबाई, पाचपन्नास मेंढरे आणि साळू नावाची तांबडी घोडी. साळूच्या पाठीवर मी बसलो आणि आमची जोडी जमली. मेंढरांमागे आम्ही डोंगर तुडवले. लग्नसराईत माझ्यावर मखमल टाकून नवरदेव मिरवले. तेव्हा लोक मला हात लावून बघत आणि खोगीर लई भारी हाय म्हणत.

मग घरात मोटारसायकल आली. साळू नुसती चरू लागली आणि मी कोकरांच्या कोंडवाड्यात एका कोपऱ्यात जाऊन पडलो. वर धूळ साचली. खाली ओल होती. माझ्या तंगाच्या आतल्या बाजूला उंदीर लागले. कोणी मला उलटून पाहिले नाही.

एका पावसाळ्याच्या शेवटी आमच्याकडे दिपाली मॅडम आल्या. त्या अंबाजोगाईच्या एका शाळेत शिकवायच्या. त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू होता, काठीशिवाय चालता येत नसे. त्यांना बेटावर जायचे होते. धरण भरले की पाण्यात एक टेकडी उरते, तिलाच आमच्याकडे बेट म्हणतात. तिथल्या जुन्या चिंचांवर दरवर्षी शेकडो करकोचे घरटी करतात. रस्त्यावरून मॅडमना ती झाडे पांढरी दिसायची. पण काट्याकुट्यांतून तिथवर चालणार कसे? म्हणून त्यांनी घोडीबद्दल विचारले.

गहिनीनाथला आनंद झाला. त्याने मला बाहेर काढले, पुसले, तेल लावले. मी नव्यासारखा चमकू लागलो. तंग एकदा ओढून पाहिला. तो टिकला. तेवढ्यावर त्याचे समाधान झाले.

सकाळी आम्ही निघालो. काठापासून बेटापर्यंत पाण्याखाली जुन्या गावाचा खडीचा रस्ता आहे. त्यावर पाणी साळूच्या गुडघ्याइतकेच होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र खोल. गहिनीनाथ पुढे दोर धरून चालत होता. मॅडमनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. बेटावर पाऊल पडले तशी त्यांची बोटे सैल झाली.

मित्रांनो, ती सकाळ मी विसरणार नाही. अंगाला चिकटणारी दमट हवा, माणसाच्या उंचीचे गवत, पडक्या भिंतींवर चढलेले वेल आणि डोक्यावर पिल्लांचा कलकलाट. काठी टेकत सपाट रस्त्याबाहेर कधी फार न गेलेल्या त्या बाई माझ्यावर बसून सगळे बेट फिरल्या. एकदा त्यांनी गहिनीनाथला सांगितले, की इतक्या उंचीवरून जग मी पहिल्यांदाच बघतेय.

दुपारी पाटोद्याकडच्या डोंगरांवर आभाळ काळे झाले. तिकडे पाऊस पडला की नदी फुगते आणि इकडे पाणी चढते. गहिनीनाथने लगेच परतायचे ठरवले. घाईत त्याने गवतातली जवळची वाट धरली. दहा पावले गेला असेल नसेल, आणि तो खाली बसला. साळूने कान मागे टाकले. गवतातून एक जाड घोणस सरकत गेली.

"मॅडम, डसलं," एवढेच तो म्हणाला. घोट्यावर दोन थेंब रक्त दिसत होते.

मॅडम काठीच्या आधाराने कशाबशा उतरल्या. गहिनीनाथ रुमालाने पाय करकचून बांधायला निघाला होता. मॅडमनी रुमाल काढून घेतला. आवळायचे नाही, कापायचे नाही आणि तुम्ही एक पाऊलही चालायचे नाही, असे त्यांनी बजावले. त्यांचा आवाज शाळेत निघतो तसा निघाला, पण चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी बायडाबाईंना फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

बायडाबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मासेवाल्यांचे तराफे पल्याड गेलेत, यायला लई टाइम लागंल. तुमी त्यांना घोडीवर घाला आन् निघा. मी गावातली जीप काठाला आणते. आन् मॅडम, लगाम वढू नका. साळूला रस्ता ठावं हाय."

एका पडक्या भिंतीशी साळूला उभे करून मॅडमनी गहिनीनाथला माझ्यावर चढवले. त्याचा पाय सुजून टम्म झाला होता. मागे त्या स्वतः बसल्या. दोन माणसांचा भार अंगावर पडला आणि माझ्या तंगातून बारीक करकर झाली. ती माझ्याशिवाय कोणी ऐकली नाही. सांगायला मला तोंड नव्हते.

काठाशी पोचलो तर सकाळचा रस्ता दिसेना. सगळीकडे गढूळ पाणी, आणि त्याला ओढ होती. साळू थांबली. नाक खाली नेऊन तिने पाणी हुंगले आणि पाय टाकला. एकेक खूर चाचपत ती निघाली. पाणी तिच्या पोटाला लागले, मग माझ्या कडांना. गहिनीनाथ मानेवर झुकला होता. त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागले होते.

"मॅडम, म्या पडलो तर मला सोडून द्या. घोडी तुमाला नेईल," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही मला आणलंत ना? मग आता मी तुम्हाला नेते," त्या म्हणाल्या.

अर्ध्या वाटेवर एक ओंडका येऊन साळूला धडकला. ती कलली. दोघांचा तोल एका अंगाला गेला आणि त्याच वेळी माझा तंग तुटला.

मी फिरलो. साळूच्या कुशीवरून खाली सरकू लागलो. माझा एक भाग तिच्या पायांत गेला असता, तर ती कोसळली असती आणि तिघेही खोल पाण्यात गेले असते. मॅडम पाण्यात उतरल्या की पडल्या, मला सांगता येणार नाही. पण त्या उभ्या होत्या. छातीभर पाण्यात, खडीच्या रस्त्यावर, एका चांगल्या पायावर. काठी केव्हाच वाहून गेली होती. एका हाताने त्यांनी गहिनीनाथला साळूच्या मानेवर रेटून धरले. दुसऱ्या हाताने मला त्याच्या खालून ओढून काढले. मी अडकलो, पुन्हा ओढला गेलो आणि सुटलो.

त्यांनी मला सोडून दिले. मित्रांनो, ते अगदी बरोबर केले.

लाकडाचा सांगाडा असल्यामुळे मी बुडालो नाही. वाहत जाताना मला साळूचे वर केलेले डोके दिसले, मानेला बिलगलेला सदरा दिसला आणि शेपटी धरून ओढली जाणारी एक बाई दिसली. मग मी एका बाभळीत अडकलो. काटे अंगात घुसले. पुढचे काही दिसले नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मी काट्यांत लटकून होतो. करकोचे माझ्यावर येऊन बसत आणि उडून जात. साळू रस्त्यावरून घसरली असेल का? जीप वेळेवर आली असेल का? विचारायला कोणी नव्हते. सगळ्या बाजूंनी नुसते पाणी होते.

एके दिवशी सकाळी तराफ्याचा आवाज आला. भागवत नावाचा मासेवाला तो वल्हवत होता आणि पुढे बायडाबाई बसल्या होत्या. मी त्यांच्या कपाळाकडे पाहिले. कुंकू होते.

भागवतने विचारले, की जुन्या खोगिरासाठी एवढी धडपड कशापायी?

"त्यांनी दवाखान्यात डोळं उघडलं, तवा आधी मॅडमचं इचारलं, मग घोडीचं, मग ह्याचं," बायडाबाई म्हणाल्या. "उद्या घरी आणायचं हाय त्यांना."

त्यांनी मला काट्यांतून सोडवले, मांडीवर उलटे ठेवले आणि तुटलेला तंग बोटांनी चाचपला. आतून तो उंदरांनी निम्मा कुरतडलेला होता. त्यांनी तो भागवतपुढे धरला. भागवतने वल्हे थांबवून तो पाहिला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे काहीतरी असेल. विहिरीचा दोर, झोक्याची कडी, सायकलचा ब्रेक. आम्हाला वरून चमकवू नका. हातात घ्या, उलटे करा, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे पाहा. आम्हाला दुखले तरी बोलता येत नाही. आणि आम्ही तुटतो तेव्हा आमच्यावर कोणीतरी बसलेले असते.

उन्हाळ्यात पाणी उतरले तेव्हा मॅडम पुन्हा आल्या, नवी काठी घेऊन. गहिनीनाथचा पायही आता पूर्वीसारखा चालत नव्हता. माझा नवा तंग दोघांनी मिळून तपासला, आतून आणि बाहेरून. मग गहिनीनाथने मॅडमना माझ्यावर बसायला सांगितले.

"अर्ध्या वाटेपर्यंत," त्या म्हणाल्या. "पुढे तुम्ही बसायचं."

त्याने थोडी कुरकुर केली. मग मान हलवली आणि साळूचा दोर धरून तो लंगडत बेटाकडे चालू लागला.