विसरलेली ओळ

आर्डिथ टेर हारची जीभ घसरली ती वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, भरल्या टेबलावर. हॅम भरलेल्या पावांचा फडशा पडला होता, बदामाच्या पेस्ट्रीचा चुरा तेवढा ताटल्यांत उरला होता. पण टेर हारांच्या घरात जेवणानंतरची प्रार्थना झाल्याशिवाय कुणी खुर्ची मागे सरकवत नाही. ती म्हणायची वडिलांनी, हार्म टेर हारांनी, आणि बाकीच्यांनी मान खाली घालून ऐकायची. त्या दिवशी म्हाताऱ्याचा घसा बसला होता. "आर्डी, तू म्हण," ते म्हणाले.

तिने म्हटली. स्वर्गातल्या पित्यापासून रोजच्या भाकरीपर्यंत आणि तिथून क्षमेपर्यंत, स्वच्छ आवाजात. "आम्हांला वाइटापासून सोडव. आमेन," म्हणून तिने डोळे उघडले, तर बाकीच्या सतराजणांचे डोळे मिटलेलेच.

सगळे पुढच्या ओळीची वाट बघत होते. 'कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव सर्वकाळ तुझंच' असं म्हटल्याशिवाय ओस्टरलँड गावातल्या रिफॉर्म्ड, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाच्या, माणसाची ती प्रार्थना संपत नाही. त्या ओळीच्या अलीकडे थांबतात ते कॅथलिक. आणि आर्डिथ गेल्या वर्षीच्या ईस्टरपासून, म्हणजे तब्बल तेरा महिने, कॅथलिक होती. ही गोष्ट टेबलावरच्या एकालाही ठाऊक नव्हती.

इतके दिवस तिने दोन्ही नीट सांभाळलं होतं. शनिवारी संध्याकाळी 'शहरात सामान आणायला जाते' असं सांगून ती तीस मैलांवरच्या सेंट आन्स या कॅथलिक चर्चमध्ये मिसाला, म्हणजे तिथल्या उपासनेला, जायची, आणि रविवारी सकाळी वडिलांच्या शेजारी त्यांच्या नेहमीच्या बाकावर बसायची. शनिवारी अलीकडे थांबायचं, रविवारी पुढे जायचं. वाढदिवसाचं जेवण मेलं नेमकं शनिवारी निघालं आणि ती मिसावरून थेट टेबलावर येऊन बसली होती.

"का गं," धाकटा भाऊ वेंडेल म्हणाला, "देवाला अर्ध्यातच वाटेला लावलंस? मी तर म्हटलं, पोपच्या पायाशी लागली की काय आमची आर्डी!"

सगळे हसले. आर्डिथही हसली. नुसती हसली नाही, तर "इश्श, काहीतरीच काय!" असंही म्हणाली. आपलं ते हसू आपल्याच कानांनी ऐकताना तिला वाटलं, आता टेबलाखाली शिरावं आणि तिथेच राहावं. एक्कावन्न वर्षांची बाई, गावाच्या वाचनालयाची प्रमुख, आणि एवढं सांगण्याची हिंमत नाही!

"मग झालं काय?" वेंडेलने विचारलं.

"विसरले," ती म्हणाली.

यापेक्षा वाईट शब्द तिला शोधूनही सापडला नसता. हार्म टेर हारांच्या हातातला चमचा बशीवर पडला. नऊ वर्षांपूर्वी याच टेबलावर तिची आई विल्मा हीच प्रार्थना म्हणता म्हणता मध्येच अडकली होती आणि हसून "विसरले" म्हणाली होती. पुढच्या सहा वर्षांत ती आधी शेजाऱ्यांची नावं विसरली, मग मुलांची, आणि शेवटी नवऱ्याकडे बघून "हे गृहस्थ कोण?" असं विचारायला लागली. हार्मनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, केस विंचरले, आणि अगदीच आवाक्याबाहेर गेलं तेव्हा कॅथलिक नन्सच्या शुश्रूषागृहात नेलं. आर्डिथ आईला भेटायला रोज तिथे जायची आणि परतताना तिथल्या चॅपलमध्ये बसायची, कारण ते सदा उघडं असायचं. तिचं स्वतःचं चर्च सोमवार ते शनिवार कुलपात. आई गेली तरी ती तिथे बसतच राहिली, आणि बसता बसता एक दिवस तिथलीच झाली. यात लपवण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण पहिल्या आठवड्यात सांगितलं नाही, मग दुसऱ्यात कसं सांगायचं, आणि तेराव्या महिन्यात तर तोंडच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पास्टरांनी आजाऱ्यांची यादी वाचली. तिच्यात सगळ्यात शेवटी नाव आलं, "आणि आपली आर्डिथ टेर हार." बापाने सकाळी लवकर येऊन ते सांगून ठेवलं होतं. दोनशे माणसांनी तिच्यासाठी डोळे मिटले. शेजारी बाप हुंदका दाबत होता. तिने तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. ती बसून राहिली.

मग भांडी यायला लागली. ओस्टरलँडमध्ये कुणाच्या घरी दुखणं आलं की चिकन आणि भाताची भांडी येतात, बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव लिहून. आठवडाभरात आर्डिथच्या फ्रीजमध्ये बोट घालायला जागा उरली नाही. जिनीव्हा बोल्ट नावाची शेजारीण तर दारातूनच बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडली, "मी जि-नी-व्हा! शेजारची! ओळखलंस ना?"

"अहो, ओळखते ना मी."

"शाब्बास! हे भांडं ओव्हनमध्ये ठेवायचं हं. आणि ओव्हन मग बंद करायचा. लिहून ठेवलंय बघ वरती."

आर्डिथने ते खाल्लं. तेच तिला पुढे सगळ्यात जास्त टोचत राहिलं. आजार खोटा, प्रार्थना खोट्या कारणासाठी, आणि तिने जिनीव्हाचा भात दोनदा वाढून घेतला.

शनिवारी सेंट आन्सच्या फादरांना तिने सगळं सांगितलं. ते म्हातारे गृहस्थ कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो बाई, लोक धर्मासाठी सिंहाच्या तोंडी गेले. तुम्हाला शेजारणीचा भात परत करता येईना?" आणि मग, जरा हळू आवाजात, "वडिलांना सांगा. तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी सांगा."

तरी तिला आणखी दोन आठवडे लागले. तोवर बापाने तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या. 'कप', 'बशा', 'साखर', थरथरत्या अक्षरात. रोज संध्याकाळी ते फोन करून आज कोणता वार असं सहज विचारल्यासारखं विचारायचे, आणि तिने बरोबर सांगितलं की पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू यायचा. त्यांनीच डॉक्टरांची वेळ घेतली. विल्माला तपासलं होतं तेच डॉक्टर. आणि ऐंशीव्या वर्षी स्वतः गाडी चालवत, मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकत, तिला घेऊनही गेले.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दोघं शेजारी बसली. बापाने तिचा हात आपल्या हातात घेतला होता. शेतात झिजलेला, खरखरीत हात. रिफॉर्म्ड बाप एक्कावन्न वर्षांच्या मुलीचा हात असा चारचौघांत धरत नसतात. तिला ते सहन होईना.

"बाबा, मी विसरले नव्हते."

"बरं, बरं."

"नाही, ऐका. मला ती ओळ येते. 'कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव.' मी थांबले, कारण... आम्ही तिथे थांबतो. मी कॅथलिक झालेय, बाबा. गेल्या वर्षी, ईस्टरला. शनिवारी मी सामान आणायला जात नाही."

हार्म टेर हारांनी हात सोडला नाही, पण त्यातली पकड गेली.

"म्हणजे वाढदिवसाला तुला सगळं आठवत होतं."

"हो."

"आणि चर्चमध्ये पास्टरांनी नाव घेतलं तेव्हाही."

"हो." ती म्हणाली. "मला लाज वाटली, बाबा. आधी सांगायची लाज वाटली आणि मग न सांगितल्याची. मी रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन. जिनीव्हाला, पास्टरांना, सगळ्यांना."

"त्यांचं मी बघेन," ते म्हणाले. मग घसा खाकरून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू विसरली असतीस ना, तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. तुझ्या आईचं केलं तसं तुझंही केलं असतं. भरवलं असतं. पण याला मी काय करू, आर्डी? तू विचार करून गेलीस. आमच्यातून उठून, समजून उमजून गेलीस."

दार उघडून नर्सने नाव पुकारलं.

"काही गरज नाही आता," आर्डिथ उठत म्हणाली. "चला, घरी जाऊ."

बापाने तिची बाही धरली. "आलोच आहोत तर जा ना. तपासून तरी घे." आणि फार खालच्या आवाजात, "माणसाला आपलं आपल्याला कळत नसतं गं. तुझ्या आईलाही कळलं नव्हतं."

त्या निळ्या डोळ्यांत आशा होती. मुलगी खरंच विसरली असावी, अशी आशा. तेरा महिने आपण याच माणसाला फसवत होतो, आणि आता त्याचं मागणं एवढंच उरलंय. ती आत गेली.

"मला काही झालेलं नाही, डॉक्टर," तिने सांगून पाहिलं. "सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे सरकवला. तिने वार सांगितला, तारीख सांगितली. घड्याळ काढून काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावले. शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात असं वजा करत खाली आली. एकदा मनात आलंही की एखादं चुकवावं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण एक खोटं कुठवर गेलं ते तिने पाहिलं होतं. सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द शेवटी विचारले, तेव्हा तिने पाचही न अडखळता म्हटले.

"तीसपैकी तीस," डॉक्टर खुशीत म्हणाले. "वडिलांना आनंदाने सांगा."

ती बाहेर आली. हार्म टेर हार हॅट मांडीवर घेऊन ताठ बसले होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय म्हणाले?"

"सगळं बरोबर आलं, बाबा," मान खाली घालून आर्डिथ म्हणाली. "मला माफ करा."