ताऱ्यांची फळगळ

मित्रांनो, मी एक जुना कापडी तक्ता आहे. अंबड रस्त्यावरच्या एका लहानशा गावात, पत्र्याच्या प्रार्थना मंदिरात, दोन खिळ्यांना टांगलेला असतो. अंग मांजरपाटाचं आणि वर सगळं आभाळ. काळा सूर्य, लाल चंद्र, पडणारे तारे. पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो. नीट पाहिलं, की हसतो. का, ते सांगतो.

माझा जन्म जालन्यात झाला, बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या राधेश्याम पेंटरच्या हातून. उषाबाई त्यांच्याकडे आल्या होत्या. त्या दर रविवारी ख्रिस्ती मुलांना शास्त्र शिकवत. शेवटच्या दिवसाविषयी जुन्या संदेष्ट्यांनी जे सांगितलं, ते त्यांना मुलांसाठी चित्रात हवं होतं. बाईंनी कागदावर लिहून दिलं, की सूर्य तरटासारखा काळा पडेल, चंद्र रक्तासारखा होईल, आणि वाऱ्यानं अंजिराची कच्ची फळं गळावीत तसे तारे गळतील.

राधेश्याम शब्दाला जागणारा माणूस. त्यांनी सूर्याला खरोखर तरटाची वीण काढली, वर सुतळीचे टाकेही घातले. चंद्रासाठी एसटीच्या ‘विनंती थांबा’ या पाटीचा उरलेला लाल रंग कामी आला. अडलं ते झाडापाशी.

“राधेश्यामभाऊ, हे काय? ही तर मोसंबी!”

“मंग बाई, फळगळ म्हणल्यावर जालन्यात दुसरं काय काढू? अंजीर म्या दोऱ्यात ओवलेलंच पाह्यलंय. ते बी सुकं.”

बाई एवढ्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. दुसऱ्या कुणी मला पुन्हा रंगवायला लावलं असतं. बाईंनी मला गुंडाळलं, छातीशी धरलं आणि एसटीत बसल्या. त्यांचे उपकार मी तिथपासून मानतो आहे.

पुढची वीस वर्षं मी कामात होतो. मुलं माझ्यावरच्या मोसंब्या मोजायची. एकानं तर विचारलं होतं, “बाई, देवानं ही बाग कुणाला बटाईनं दिलीय?” मग चकचकीत फ्लेक्स आलं. त्यावर अंजीर अगदी अंजिरासारखं होतं. मी गुंडाळला गेलो आणि कपाटावर जाऊन पडलो. पालीनं माझ्यात अंडी घातली. उंदरानं एक तारा खाल्ला. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत ऐन दिवेलागणीला चंद्रग्रहण आलं. आठवडाभर गावातल्या मोबाइलवर एकच व्हिडिओ फिरत होता: चंद्राचं रक्त होणार, जग संपणार. त्या दिवशी दुपार उतरल्यावर नऊ वर्षांची प्रीती मंदिराच्या दारात येऊन उभी राहिली. खांद्याला दप्तर, दप्तरातून फ्रॉकची बाही बाहेर आलेली. तिची आई द्वारकाबाई ऊसतोडीसाठी अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे गेलेली. लेक मावशीपाशी राहत होती.

“बाई, मी आईकडं चालले.”

“पायी? अगं येडे, केवढं लांब हाय ते!”

“चंद्र लाल व्हायच्या आत पोचायचंय. समदं संपलं तर मंग आई दिसायचीच न्हाई.”

नुसतं ‘भिऊ नको’ म्हणून ही मुलगी थांबणार नाही, हे बाईंना कळलं असावं. त्या खुर्चीवर चढल्या, मला खाली ओढलं, पालीची अंडी झटकली आणि कितीतरी वर्षांनी मला खिळ्यांना टांगलं.

“हे काय गळून राह्यलंय, सांग.”

“मोसंबी.” प्रीतीनं नाक पुसलं.

“मागल्या भादव्यात आईसंगं तू बागेत गेल्तीस. तवा?”

“लई गळाली होती. ढीगच्या ढीग. मालक डोक्याला हात लावून बसले होते.”

“मंग झाडं मेली?”

“न्हाई बाई. आत्ता कळ्या आल्यात की!”

“बघ. आभाळ कोसळलं असं आपण म्हणतो, तवा कुणी पत्रे धरायला धावतं का? मोठी राज्यं बुडाली, मोठं दुःख आलं, की संदेष्टे असेच सूर्य-चंद्राच्या बोलीत बोलायचे. अन् शेवटचा दिवस कुणालाच ठाऊक न्हाई, हे बी शास्त्रातच हाय. देवदूतांना ठाऊक न्हाई, अन् ह्या मोबाइलवाल्याला बराबर टाइम कळला?”

प्रीतीला हसू फुटलं. पण दप्तर खांद्यावरून उतरलं नाही. तेव्हा बाईंनी द्वारकाबाईला फोन लावला. फोन लागेपर्यंत ज्वारीच्या शेतामागून चंद्र वर आला होता, बरेच दिवस न घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखा.

“आई, तुला दिसून राह्यलाय का?”

“दिसतोय की! बैलगाडीवर बसून तोच पाहून राह्यले. तू जेवलीस का?”

“न्हाई.”

“मंग आधी जेव जल्दी. चंद्र कुठं पळून जात न्हाई. कारखाना बंद झाला की मी येतेच.”

दप्तर उतरलं. प्रीतीनं एकदा बाहेर पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, “बाई, आपला चंद्र जास्त लाल हाय.”

त्या एका ‘आपला’साठी मी कपाटावरची सगळी वर्षं माफ केली.

उन्हाळ्यात द्वारकाबाई परत आली. उंदरानं खाल्लेल्या ताऱ्याच्या जागी तिनं ठिगळ लावलं आणि प्रीतीनं त्यावर मोसंबीचं फूल काढलं. पांढरं, पाच पाकळ्यांचं. लांबून पाहिलं तर ताराच. फ्लेक्स आता बाहेर सरपणावर पांघरलेलं आहे. पावसात तेही उपयोगी पडतं, माझा त्याच्यावर राग नाही.

मित्रांनो, माझ्या चंद्राचा रंग कुठल्या पाटीतून उरला होता, आठवतं ना? एखादी जुनी वस्तू चुकलेली म्हणून टाकायला निघालात, किंवा कुणी घाबरवलं म्हणून दप्तर भरून निघालात, तर माझं म्हणणं त्या पाटीएवढंच आहे.

विनंती. थांबा.