अंबारो आत्याचं पिवळं कापड

“अंबारो आत्या, माझ्या वर्गातल्या पाकिस्तानी मुलीनं हात ठेवला, तर कापड लाल होईल का हो?”

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि पैज म्हटलं की हिबाकच्या अंगात वारं शिरायचं. ओस्लोतल्या त्या सभागृहात सोमाली बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. चहाचे पेले ओठांपाशीच थांबले.

मोगादिशूहून आलेल्या, सगळेच जिला आत्या म्हणत त्या अंबारोनं आठवडाभर सगळ्यांना वेड लावलं होतं. मुलीनं किटलीच्या पाण्यानं हात धुवायचे आणि पिवळ्या कापडावर ठेवायचे. सुंता झालेली असेल तर कापड पिवळंच. नसेल तर पंजा रक्तासारखा लाल.

“हे कापड सोमाली आहे, बाई. परक्यांचं त्याला कळत नाही,” आत्या म्हणाली.

“त्याही आपल्यासारखाच नमाज पढतात. त्यांच्यात मुलींची सुंता नाहीच. मग त्या काय अपवित्र? आणि मुलांचे हात का नाही तपासत?”

“मुलांची सगळ्यांचीच होते, तपासायचं काय? कुणाची गं ही कार्टी? बर्फात वाढलेल्या पोरींची जीभच तेवढी वाढते.”

बायका खिदळल्या. हिबाकची आई हसली नाही. इथं आल्यापासून तिनं हा विषय डोक्यातून काढून टाकला होता. पण काल हिबाकच्या सात वर्षांच्या धाकट्या बहिणीचा, साफीचा, पंजा लाल उमटला आणि आईनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. सुट्टीत ती साफीला घेऊन माहेरी, सोमालियाला निघाली होती. आत्यानं तिच्या कानात सांगितलं होतं, “सगळं नको गं. नुसतं टोचल्यासारखं. तेवढंच उरकून घे.”

“वाढले इथं, पण जन्म तिकडचा, बुराओ गावचा,” हिबाक म्हणाली आणि बाह्या सारून पुढं झाली.

ती पलीकडच्याच रस्त्यावरच्या दवाखान्यात जन्मली, हे अख्ख्या सभागृहाला ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त आत्याला. आईनं तोंड उघडलं, पण शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं.

आत्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत डावीकडची किटली उचलली. हिबाकनं हात धुतले, ठेवले. कापड पिवळंच.

“पाहिलंत? पवित्र पोर,” आत्या म्हणाली. एक म्हातारी तोंडात पदर कोंबून हसायला लागली.

मग हिबाकची मैत्रीण नसरा पुढं आली. “मी इथलीच, ओस्लोची.” आत्यानं उजवीकडची किटली उचलली. पंजा लालभडक.

“मी बुराओची आहे, आत्या,” नसरा हळूच म्हणाली. “नऊ वर्षांची असताना माझं तिथंच झालं. अजून विसरता आलं नाही.”

तेवढ्यात हिबाकनं उजवीकडची किटली आत्याच्याच हातांवर उपडी केली आणि ते ओले हात धरून कापडावर दाबले. दोन गुबगुबीत लाल पंजे उमटले.

“आता हिचीही करायची राहिलीय म्हणायची,” म्हातारी म्हणाली. सभागृह खदाखदा हसलं.

“कापड हळदीत बुडवलंय,” हिबाक म्हणाली. “या किटलीत धुण्याचा सोडा आहे, त्या किटलीत साधं पाणी. जन्म कुठला ते विचारून आत्या किटली निवडते. आपण तोंडाला हळद लावून साबणानं धुतो तेव्हा टॉवेल लाल होतो की नाही? तेव्हा कोण म्हणतं टॉवेल बोलला? जरा विचार करा गं. कापडाला काही कळत नाही, तुम्हाला कळतं.”

आत्या किटल्या पिशवीत कोंबत होती. कुणी तिला मदत केली नाही.

घरी आईनं बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, “साफीचं करा असं मी कधी म्हटलं? मला वाटलं, तुला हवंय.”

“आणि मला वाटलं, तुमच्या लोकांना हवंय. तुम्ही कधी बोललातच नाही.”

“बायकांचा विषय म्हणून गप्प बसलो.”

हिबाक दोघांच्या मधे उभी राहिली. “माझं ठरलंय. या सुट्टीत मी जाणार नाही आणि साफीही जाणार नाही. आजीला भेटायचं असेल तर तिला इथं बोलवा, तिला मी समजावते. आणि साफीचं तिकीट काढलंत, तर मी शाळेतल्या नर्सबाईंना सांगणार; इथल्या कायद्यानं हा गुन्हा आहे. मागून कळायला नको, म्हणून तोंडावर सांगतेय.”